आभाळातले सात ठिपके

गेल्या हिवाळ्यात गुहागरच्या समुद्रावर मी एक छायाचित्र काढले. सूर्य मावळून दहा-बारा मिनिटे झाली होती, आभाळ खाली केशरी, वर करडे आणि त्याहून वर गडद निळे होत गेले होते, आणि लाटांचा फेस धुक्यासारखा पसरलेला दिसावा म्हणून मी अपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत येण्याचे छिद्र, एफ १६ वर आणून शटर दोन सेकंद उघडे ठेवले होते. घरी येऊन ते चित्र संगणकाच्या पडद्यावर मोठे करून पाहिले, तेव्हा त्या निवळ आभाळात सात ठिपके दिसले. क्षणभर वाटले, पक्षी असतील. पण पक्ष्याला पंखांचा आकार असतो, कडा असते, आणि हे ठिपके गोल, करडे, कडेने विरत गेलेले होते. पुढचे चित्र उघडले, त्यात लाटा बदलल्या होत्या, ढग सरकला होता, ठिपके मात्र जागचे हलले नव्हते.

एखादा डाग एकाच चित्रात असला तर तो समोरच्या दृश्यातला असतो. सगळ्या चित्रांत एकाच जागी असला तर तो कॅमेऱ्याच्या पोटातला असतो. मी एकेक महिना मागे जात चित्रे उघडत गेले आणि सोमवती अमावास्येला जेजुरीत काढलेल्या चित्रांपाशी येऊन थांबले. त्या दिवशी खंडोबाची पालखी गडावरून कऱ्हेच्या स्नानाला निघाली होती, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा गजर चालू होता, आणि मुठी भरभरून उधळलेल्या भंडाऱ्याने पायऱ्या, दीपमाळा, माणसांचे केस आणि पापण्यासुद्धा पिवळ्या झाल्या होत्या. पालखी जवळ येत चालली तशी लांब पल्ल्याची लेन्स उपयोगाची राहिली नाही, म्हणून एका दीपमाळेच्या आडोशाला उभी राहून मी लेन्स बदलली. जेमतेम अर्धे मिनिट लागले असेल. पण त्या अर्ध्या मिनिटात कॅमेऱ्याचे तोंड वर उघडे होते आणि वरून हळद पडत होती.

विशेष म्हणजे लेन्स बदलल्यानंतरची पहिली दहा-पंधरा चित्रे स्वच्छ आहेत. डीएसएलआर कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या सेन्सरच्या पुढे शटरचे पडदे मिटलेले असतात आणि त्यांच्याही पुढे आरसा असतो, त्यामुळे आत पडलेले कण आधी आरशाच्या खोबणीत थांबतात. मग दर चित्राला आरसा वरखाली होतो, पडदे सरकतात, आतली हवा ढवळली जाते आणि एकेक कण मागे पोचतो. सोळाव्या की सतराव्या चित्रात पहिला ठिपका आला आहे. तो तेव्हाच माझ्या लक्षात का आला नाही, याचे उत्तर त्या चित्रातच आहे. तिथे हवेतच भंडाऱ्याचे हजारो कण तरंगत होते आणि त्यांच्यात माझे सात कण मिसळून गेले होते.

पण हे एवढेच कारण नव्हे. एफचा आकडा जितका मोठा तितके अपर्चरचे छिद्र लहान; जेजुरीची चित्रे एफ ५.६ वर काढलेली होती आणि गुहागरचे एफ १६ वर, हा फरक समजून घेतल्यावाचून सेन्सरच्या धुळीची गोष्ट पुरती कळत नाही. धूळ सेन्सरवर बसते असे आपण बोलण्याच्या सोयीसाठी म्हणतो, पण ती खुद्द सेन्सरवर कधीच बसत नाही. सेन्सरच्या पुढे एक काच बसवलेली असते. ती अवरक्त किरण अडवते आणि पुष्कळ कॅमेऱ्यांत बारीक विणीच्या कापडावर उमटणारे खोटे रंगीत पट्टेही टाळते. धूळ बसते ती या काचेच्या बाहेरच्या अंगावर. म्हणजे कण आणि प्रत्यक्ष चित्र टिपणारा पृष्ठभाग यांच्यात थोडे अंतर राहते, आणि आपल्याला चित्रात दिसतो तो कण नसतो, त्याची सावली असते. हे अंतर १ मिलिमीटर धरून हिशेब करून पाहावा. एफ ४ वर लेन्समधून एकेका बिंदूकडे येणारा प्रकाशाचा शंकू त्या काचेवर साधारण २५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद असतो. त्यात ५० मायक्रॉनचा एखादा कण मध्ये आला तरी तो शंभरातला चारच हिस्से प्रकाश अडवतो आणि डोळ्याला काही कळत नाही. एफ २२ वर तोच शंकू ४५ मायक्रॉनचा होतो, म्हणजे कणापेक्षाही अरुंद, आणि मग सावली गडद पडते. उन्हाळी दुपारी अंगणातल्या तारेची सावली रेखीव पडते आणि ढगाळ दिवशी तीच तार जमिनीवर काही खूण सोडत नाही, तसाच हा प्रकार आहे. धूळ तीच असते, प्रकाश किती रुंदीतून येतो त्यावर तिचे दिसणे ठरते.

कणाचा आकारही डोळ्यांसमोर असलेला बरा. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर २३.५ मिलिमीटर लांब आणि १५.६ मिलिमीटर उंच आहे, टपालाच्या लहान तिकिटाएवढा, आणि त्याच्या लांबीत ६,००० पिक्सेल बसवलेले आहेत. म्हणजे एक पिक्सेल ४ मायक्रॉनहूनही किंचित लहान. ५० मायक्रॉनचा कण, जो आपल्या केसाच्या जाडीपेक्षा बहुधा कमीच भरेल, तो आडव्या ओळीत बारा-तेरा पिक्सेल झाकतो. बोटाच्या टोकावर घेतला तर तो दिसणारही नाही.

चित्रातले ठिपके संगणकावर पुसता येतात, आणि दोन-चार चित्रे असतील तर तसे करण्यात काही वावगे नाही. असोसिएटेड प्रेससारख्या वृत्तसंस्थेने, जिच्या नियमांनुसार बातमीच्या छायाचित्रात काही घालता वा काढता येत नाही, सेन्सरवरच्या धुळीचे डाग पुसण्याला मुभा दिलेली आहे. मला ही सवलत फार योग्य वाटते, कारण तो डाग त्या क्षणाचा नसतो, त्या जागेचा नसतो. तो यंत्राचा असतो. पण मोकळ्या आभाळात ठिपका पुसणे सोपे असते, आणि तोच एखाद्या माणसाच्या गालावर किंवा साडीच्या काठावर पडला की पुसताना खाली काय होते ते आपल्याला कल्पनेने भरावे लागते. ते मला आवडत नाही. म्हणून धूळ मुळातच काढायची, असे ठरवले.

यापूर्वी एकदा मी कॅमेरा सफाईसाठी एका दुकानात दिला होता. चार दिवसांनी परत मिळाला तेव्हा ठिपके गेले होते, पण उजव्या बाजूला एक लांबट, तेलकट ओघळ आला होता. काय वापरले, कसे वापरले, असे विचारल्यावर ‘क्लीन केलंय’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. मला राग आला तो ओघळापेक्षा त्या उत्तराचा. आपल्या वस्तूला काय केले हे आपल्याला सांगता येण्याजोगे असले पाहिजे, आणि ते सांगणारे कोणी भेटत नसेल तर आपण स्वतः शिकून घ्यावे, असे मला तेव्हापासून वाटत होते.

माझ्या मामांचा साताऱ्यात फोटो स्टुडिओ होता. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे असायचे आणि दुपारी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून स्पॉटिंग, म्हणजे छापलेल्या फोटोतले ठिपके रंगाने भरण्याचे काम, पाहायचे. निगेटिव्हवर धुळीचा कण असला की निगेटिव्ह मोठी करून कागदावर छापणाऱ्या एन्लार्जरचा प्रकाश तिथे अडतो आणि कागदावर पांढरा ठिपका राहतो. डिजिटल कॅमेऱ्यात याच्या उलट, काळा पडतो. तो पांढरा ठिपका भरायला मामांकडे शून्य नंबरचा ब्रश होता आणि काचेच्या एका तुकड्यावर वाळवून ठेवलेला काळा रंग होता. ब्रशचे टोक किंचित ओले करून ते त्या रंगावर फिरवायचे, मग आधी रद्दी कागदावर टेकवून जादा रंग उतरवायचे आणि मग ठिपक्याच्या आत सुईच्या टोकाएवढी टिंबे ठेवायचे, एक, दोन, तीन, आजूबाजूच्या करड्या छटेला मिळेपर्यंत. ‘रंग फासायचा नाही, टिंब ठेवायचं,’ हे त्यांचे वाक्य मला अजून ऐकू येते. एका लग्नाच्या फोटोत नवरीच्या कपाळावरचा असा ठिपका त्यांनी अर्धा तास लावून भरला होता, आणि काम झाल्यावर तो कुठे होता हे त्यांनाही दाखवता येईना.

मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. मी त्यांना फोन करून विचारले, “मामा, तुम्ही निगेटिव्हवरची धूळ कशी काढायचात?”

“काढायचो थोडी, बसूच द्यायचो नाही जास्त,” ते म्हणाले. “डार्करूममध्ये आम्ही पंखा कधी लावला नाही, बाळ. फिल्म वाळत घालायच्या आधी फरशीवर पाणी शिंपडायचो. तू आदल्या रात्री पंखा बंद कर, आणि मग सकाळी कॅमेऱ्याला हात लाव.”

फिल्मच्या काळी एका गोष्टीची सोय होती, तीही त्यांनीच बोलता बोलता सांगितली. दर चित्राला फिल्म पुढे सरकायची आणि तिच्याबरोबर तिच्यावरचा कणही पुढे निघून जायचा. एका फोटोची धूळ त्याच फोटोपुरती राहायची. सेन्सर एकच असतो. जेजुरीत बसलेला कण गुहागरच्या आभाळात जातो तो याचमुळे.

मामांचे ऐकून मी आदल्या रात्री झोपण्याच्या खोलीतला पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, सकाळी फरशी ओल्या फडक्याने पुसली आणि तासभर खोलीचे दार बंद ठेवले. सुती कपड्यांचे तंतू उडतात म्हणून अंगात नायलॉनचे जुने जाकीट घातले, केस बांधले, हात कोपरापर्यंत धुतले. आधी कॅमेरा बाहेरून साफ केला, कारण लेन्सच्या कड्याभोवती, बटणांच्या फटीत, पट्ट्याच्या शिवणीत भंडारा अजूनही होता. मऊ ब्रशने झटकल्यावर खालच्या पांढऱ्या कागदावर पिवळी भुकटी पडली. बाहेरची ही धूळ न काढता कॅमेरा उघडला असता तर एक काढायला जाऊन दहा आत घातले असते. घरी सफाई करणाऱ्यांचे बहुतेक वेळा इथेच चुकते, असे माझे मत झाले आहे.

मग ठिपक्यांचा नकाशा. खिडकीतून दिसणाऱ्या आभाळावर, अपर्चर एफ २२ करून, फोकस मुद्दाम चुकवून आणि चित्र काढताना कॅमेरा हलवत एक चित्र घेतले. कॅमेरा हलला तरी सेन्सरवरची सावली हलत नाही, त्यामुळे बाकी सगळे पुसले जाते आणि ठिपके तेवढे राहतात. सात ठळक होते, आणखी तीन फिकट. कागदावर त्यांच्या जागा काढताना ध्यानात ठेवायचे ते हे, की लेन्स चित्र उलटे पाडते, म्हणून चित्रात वर डावीकडे असलेला कण, कॅमेऱ्याच्या तोंडातून आत पाहताना, खाली डावीकडे असतो. मी कागद वरखाली उलटून दुसरा नकाशा काढला.

कॅमेऱ्यात स्वतःची झटकण्याची सोय असते, ती आधी वापरून घेतली. ही सोय ऑलिंपसने २००३ साली ई-१ या कॅमेऱ्यात प्रथम आणली. काच अतिशय वेगाने थरथरते आणि कोरडे कण सुटून खालच्या चिकट पट्टीवर पडतात. ती चालवताना कॅमेरा टेबलावर सरळ, तळ खाली ठेवून बसवावा. चार वेळा चालवली. ठिपके होते तसेच होते, आणि त्याचे मला नवल वाटले नाही, कारण हळद कोरडी दिसली तरी तिच्यात तेल असते आणि ती धरून बसते.

यानंतर मेन्यूतून सफाईसाठी आरसा वर करून ठेवण्याचा पर्याय निवडायचा. त्याआधी बॅटरी पूर्ण भरलेली हवी, कारण ती मध्येच संपली तर आरसा खाली येतो, पडदे मिटतात, आणि त्या वेळी आत काही असेल तर पडदेच फाटतात. माझ्या कॅमेऱ्यात बॅटरी पुरेशी भरलेली नसेल तर हा पर्याय उमटतच नाही. काही जण शटर लांब वेळ उघडे ठेवून सफाई करतात. बोट बटणावरून सुटले की पडदा मिटतो, म्हणून तसे कधीच करू नये. आरशाला तर अजिबात हात लावू नये, त्याचा मुलामा काचेच्या वरच्या अंगाला असतो आणि पुसल्याने तोच निघतो. व्ह्यूफाइंडरमधून दिसणाऱ्या धुळीचा चित्राशी संबंध नसतो, ती खुशाल असू द्यावी.

रबरी फुग्याचा ब्लोअर हा पहिला उपाय. कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे करायचे, ब्लोअरचे नळकांडे कड्याच्या बाहेरच ठेवायचे, आणि दहा-बारा जोरकस फुंकरी मारायच्या. तोंडाने फुंकायचे नाही, थुंकीचे तुषार जातात. दाबलेल्या हवेचे डबे मिळतात तेही नकोत; त्यांच्यातला द्रव गार फवाऱ्यासारखा बाहेर येऊन काचेवर डाग पाडतो. फुंकरीनंतर पुन्हा आभाळाचे चित्र घेतले. फिकट तिन्ही गेले होते, ठळक सातांपैकी दोन गेले होते, आणि एक जागा बदलून मधोमध आला होता. पाच राहिले.

इथे थांबता आले असते. पुष्कळदा थांबावेच, कारण ओल्या सफाईत धोका फुंकरीपेक्षा नक्कीच जास्त आहे आणि तीन-चार फिकट ठिपक्यांसाठी तो पत्करण्यात शहाणपण नाही. पण हे पाच गडद होते आणि मला पावसाळ्यापूर्वी पुन्हा समुद्रावर जायचे होते.

स्वॅब म्हणजे प्लॅस्टिकच्या चपट्या दांडीला सपाट, तंतू न सुटणारे कापड गुंडाळलेले असते, आणि तो सीलबंद पाकिटात येतो. त्याची रुंदी सेन्सरच्या उंचीएवढी घ्यायची, म्हणजे एकाच ओढीत सगळा पृष्ठभाग पुसला जातो आणि मध्ये शिवण राहत नाही. माझ्या सेन्सरला १६ मिलिमीटरचा लागतो, त्याहून मोठ्या, फुल-फ्रेम सेन्सरला २४ मिलिमीटरचा. कान साफ करायचा कापूस, चष्म्याचे फडके, घरातले स्पिरिट यांतले काहीही चालत नाही. कापूस तंतू सोडतो आणि स्पिरिट वाळल्यावर पापुद्रा सोडते. मी घेतलेले सफाईचे लिक्विड मिथेनॉलचे, म्हणजे एका प्रकारच्या मद्यार्काचे, होते. ते विषारी आणि ज्वालाग्राही आहे, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे, जवळ देवघरातले निरांजन किंवा गॅस पेटलेला नसावा. ते ६५ अंशांच्या आसपास उकळते, म्हणून काचेवर काही सेकंदांत उडून जाते. शिवाय हळदीला पिवळा रंग देणारे कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मद्यार्कात विरघळते, त्यामुळे माझ्या कामाला ते नेमके उपयोगी होते.

कापडाच्या धारेवर दोन थेंब टाकले आणि ते मुरेपर्यंत दहापर्यंत आकडे मोजले. तिसरा थेंब टाकण्याचा मोह होतो; तो टाकला की ओघळ येतो, आणि त्या दुकानात बहुधा हेच झाले असणार. स्वॅब डाव्या कडेला टेकवला, किंचित कलता धरला, आणि कागदावर पेनने लिहिताना जेवढा जोर लागतो तेवढ्याच जोराने उजव्या कडेपर्यंत ओढत नेला. माझा हात थरथरेल अशी भीती होती, पण ओढ सुरू झाल्यावर तो स्थिर राहिला. काचेवर ओलाव्याचा पातळ पट्टा उमटला, त्यात क्षणभर जांभळट-हिरवी झाक दिसली आणि ती कडेपासून आत आटत गेली. स्वॅब उलटून दुसऱ्या बाजूने उजवीकडून डावीकडे आणखी एक ओढ. संपले. वापरलेला स्वॅब पुन्हा काचेला लावायचा नाही, कितीही स्वच्छ दिसला तरी.

मामांनी मला दिलेले जुने भिंग काढून मी त्या कापडाची धार पाहिली. पांढऱ्या विणीत, टोकापासून थोड्या अंतरावर, एक फिकट पिवळी रेघ होती. भंडारा कपाळावर लावतात, घरी आणून देव्हाऱ्यात ठेवतात. तो इथे एका कापडाच्या कडेवर केसाएवढा उमटलेला पाहून मी बराच वेळ भिंग खाली ठेवले नाही.

विरघळलेला रंग पसरून त्याची पातळ साय राहू शकते, म्हणून दुसरा नवा स्वॅब घेऊन तीच क्रिया पुन्हा केली. या वेळी कापड पांढरेच राहिले. कॅमेरा बंद केला, आरसा खाली आला, लेन्स लावली आणि एफ २२ वर आभाळाचे तिसरे चित्र घेऊन पडद्यावर शंभर टक्के मोठे करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सावकाश पाहिले. ओघळ नव्हता. पाचांपैकी चार गेले होते. एक, खालच्या उजव्या कोपऱ्यात, कडेला अगदी चिकटून, उरला होता. स्वॅब तिथपर्यंत पोचून वळताना त्याने तो कण कोपऱ्यात सारला असावा. पाकिटात एक स्वॅब शिल्लक होता आणि माझा हात त्याच्याकडे गेलाही. पण तो ठिपका एफ ११ वर दिसत नाही, हे मी आणखी एक चित्र काढून पाहिले, आणि पाकीट मिटवले.

मामांना फोन लावला. “एक राहिलाय,” मी म्हणाले.

“कुठं?”

“कोपऱ्यात.”

“कोपऱ्यात ना? मग राहू दे,” ते म्हणाले, आणि जेवलीस का म्हणून विचारू लागले.

साडेअकरा वाजले होते, खोलीत चांगलेच उकडत होते. कॅमेरा पिशवीत ठेवून पिशवीची चेन लावली, आणि मग उठून पंखा लावला.